तीन मोजा

सातच्या एसटीने सड्यापर्यंत,
सड्यावरून चालत धक्क्यापर्यंत,
तिथून लतीफभाईंच्या तरीने पलीकडे.
पिशवीत अकरा फॉर्म, एक स्टॉपवॉच,
आणि दोन पेनं, कारण एक नेहमी कुणीतरी ठेवून घेतं.

हुद्दा : वाचन मार्गदर्शक.
काम : मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसणे
आणि मुलांकडे नाही, बाईंकडे पाहणे.

तोडणकर बाई पहिल्या दिवशी म्हणाल्या,
"तुमचं वय तेवढी माझी नोकरी."
हिशेब चुकीचा होता, पाच वर्षांनी.
मी दुरुस्त केला नाही.

मागच्या खेपेला मी त्यांना सांगून गेले होते :
मूल शब्दावर अडलं की लगेच शब्द देऊ नका.
तीन मोजा. मनात.
बाई म्हणाल्या, "तीन मोजेपर्यंत दूध उतू जातं."

आज यज्ञेश जुवळे 'क्षितिज'पाशी अडला.
खिडकीतून त्याला ते दिसत होतं,
बाप रोज पहाटे होडी घेऊन तिकडेच जातो,
पण पुस्तकातलं निराळं असणार, असा त्याचा चेहरा.
बाईंचे ओठ उघडले, मिटले.
टेबलाखाली अंगठा करंगळीच्या पेरांवर सरकला.
एक.
दोन.
बाहेर कुणीतरी कोयती घासत होतं.
"क्षि… क्षिती… गेली बाई, समजली!"
काय समजलं ते त्याने सांगितलं नाही.
बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग दिलमाया.
आंब्याच्या बागेतल्या राखणदाराची,
आईबापाबरोबर नेपाळातून आलेली,
जूनमध्ये पटावर असेल की नाही कुणी सांगावं.
अक्षरं तिला सगळी येतात, घरचीच आहेत,
फक्त एक नाही.
"झाडाला फल आले. फल पिवले झाले."
मी फॉर्मवर खूण केली. फल, चूक. पिवले, चूक.
मिनिटाला बेचाळीस शब्द, वजा दोन.

बाई खुर्चीतून उठल्या.
डब्यातून फणसपोळीचा तुकडा काढला,
नखाएवढा कण तोडून तिच्या टाळूला चिकटवला, वर, मागे.
"आता जिभेने तो काढ बघू. जीभ वळव. आणखी वळव."
पोरीचे डोळे वर गेले, मान वर गेली,
अख्खा वर्ग तोंडं उघडून जिभा वळवू लागला,
मीसुद्धा, मागच्या बाकावर, फॉर्म मांडीवर ठेवून.
"आता तश्शीच ठेवून बोल. सडा कसला?"
"कात…"
बाईंचा अंगठा पेरांवर.
एक, दोन, तीन. चारही झाले. पाच.
"…ळ"
जाड, ओला, गोड लागलेला ळ.

माझ्या प्रशिक्षणाच्या फायलीत
फणसपोळीचा उल्लेख नाही.
मी बाईंना विचारलं, कुठे शिकलात?
"माझ्या धाकट्याला येत नव्हता," म्हणाल्या,
"आणि आज तुमची ती फेरी सुटेल. निघा."

परतीला तरीत मी एकटीच.
लतीफभाईंच्या एका हातात सुकाणूचा दांडा,
दुसऱ्यात मोबाईल, उन्हापासून आडोसा करून.
लेक पुण्याला नर्सिंग शिकायला गेली आहे, कालच्या गाडीने.
ते मोठ्याने वाचतात, इंजिनापेक्षा मोठ्याने :
"अ… ब्बा. मी.
पो…
पो… हो…"

मला शब्द माहीत आहे.
तोंडात आला आहे, दातांच्या आतपर्यंत.
मी पाण्याकडे बघते.
एक.
दोन.
खाजणातून एक बगळा उठतो.
तीन. सात. मग मोजणं सुटतं.

धक्का जवळ येतो. ते मोबाईल खिशात टाकतात,
दोर उचलतात, खुंटाला फेकतात, आवळतात,
आणि दोरालाच सांगावं तसं म्हणतात,
"पोचली."

लिहिलेलं होतं 'पोहोचले'.
माझ्या फॉर्मप्रमाणे, चूक एक.
मी पैसे देते. सुट्टे नाहीत म्हणतात, पुढच्या वेळी द्या.
चढ चढताना माझी जीभ
अजून टाळूला काहीतरी शोधते आहे.